जुनी आरसी बग्गी, नवी मोटर, लिपो बॅटरी: गिअरबॉक्स सांभाळून अपग्रेड कसं करायचं?

तापीकाठ

राम राम मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्यांच्याकडे टामिया या जपानी कंपनीची फ्रॉग (१९८३), ग्रासहॉपर, हॉर्नेट (दोन्ही १९८४), हॉटशॉट (१९८५) किंवा त्या काळातली दुसरी कुठली आरसी (रिमोट कंट्रोल) बग्गी पडून आहे, त्यांच्यासाठी हा धागा. मूळ गाडी असो वा नंतर पुन्हा काढलेली आवृत्ती (हॉर्नेट २००४, ग्रासहॉपर आणि फ्रॉग २००५), कामाची पद्धत तीच. नव्या आवृत्तीचे बरेचसे पार्ट मूळ गाडीला बसतात, म्हणून फुटलेल्या पार्टापायी गाडी मोडीत काढू नका.

माझं म्हणणं आधीच मांडतो. या गाड्यांमध्ये कमजोर बाजू मोटर नाही, गिअरबॉक्स आणि जुनं प्लास्टिक आहे. बहुतेक जण पहिल्यांदा मोटर विकत घेतात आणि मग गिअर फुटले म्हणून विचारायला येतात. क्रम असा ठेवा: आधी गिअरबॉक्स आणि बेअरिंग, मग रेडिओ आणि सर्व्हो (स्टिअरिंग हलवणारी छोटी मोटर), मग ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल), मग बॅटरी (लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर), आणि मोटर सगळ्यात शेवटी. बऱ्याचदा चौथ्या टप्प्यावरच गाडी इतकी सुधारते की पाचव्याची गरज उरत नाही.

मूळ मांडणी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ६ सेलचा ७.२ व्होल्टचा निकेल-कॅडमियम पॅक, ५४० साइजची ब्रश मोटर (ग्रासहॉपरमध्ये त्याहून लहान ३८०), आणि मेकॅनिकल स्पीड कंट्रोल. म्हणजे एक सर्व्हो तांब्याचा हात फिरवतो आणि करंट रेझिस्टरमधून जातो. वेग कमी ठेवला की जास्तीची ताकद त्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. तो चटका लागण्याइतका तापतो, म्हणून त्याच्याजवळून वायर नेऊ नका.

प्रश्न, अनुभवाचे आकडे, दुरुस्त्या, सगळं इथेच टाका.

---

गिरणा_पट्टा

चांगला धागा. थेट प्रश्न: हॉर्नेट आहे, मूळ ५४० मोटर आणि मेकॅनिकल कंट्रोलसकट. ऑनलाइन ३९०० केव्हीची सेन्सरलेस ब्रशलेस मोटर आणि ६० अँपिअर ईएससी असा जोडसंच दिसतोय. मोटरचा व्यास आणि स्क्रूची छिद्रं जुळतात. लावावा का?

---

लेथ_आणि_लोखंड

गिरणा भाऊ, बसेल. ५४० मोटरचा व्यास साधारण ३६ मिमी, स्क्रूंमधलं अंतर २५ मिमी, स्क्रू एम३, शाफ्ट ३.१७ मिमी. ३६५० म्हणून विकली जाणारी ब्रशलेस मोटर ३६ मिमी व्यासाची आणि ५० मिमी लांबीची असते, म्हणून ती त्याच जागेत जाते. ३६६० घेऊ नका, १० मिमी जास्त लांब असते आणि मागे अडते.

पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. हिशेब करून बघा. केव्ही म्हणजे एका व्होल्टला विनाभार किती फेरे. दोन सेलची लिपो ७.४ व्होल्टची. समजा एकूण गिअर रेशो ८ आहे आणि मागचं टायर ८५ मिमी व्यासाचं, म्हणजे परीघ सुमारे २६७ मिमी.

२२०० केव्ही: २२०० × ७.४ = १६,२८० फेरे. भागिले ८ = चाकाचे २,०३५ फेरे. गुणिले ०.२६७ मीटर = मिनिटाला ५४३ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३३ किमी.

३९०० केव्ही: त्याच हिशेबाने ताशी ५८ किमी.

हे विनाभार आकडे आहेत, जमिनीवर २० टक्के कमी धरा. तरी वेग पावणेदोन पट झाला की धडकेतली ऊर्जा तिपटीहून जास्त होते. हॉर्नेटची पुढची आर्म आणि एबीएस प्लास्टिकचं टब (खालचा सांगाडा) त्या माराला बनवलेलं नाही. शिवाय मूळ सिल्व्हर कॅन (चंदेरी डब्याची ५४०) मोटर ७.२ व्होल्टला १५-१६ हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते. म्हणजे २०००-२२०० केव्ही ही मूळ गाडीच्याच वेगाची मोटर झाली. टॉर्क मात्र जास्त मिळतो, ब्रश झिजत नाहीत, बॅटरी जास्त वेळ पुरते. आपल्या गाड्यांना हाच पट्टा योग्य.

---

सातपुडा_ताई

+१. सेन्सर्ड मोटरमध्ये (रोटर कुठे आहे ते सांगणारा सेन्सर असलेली) केव्हीऐवजी टर्न, म्हणजे तारेचे वेढे, लिहिलेले असतात, टर्न कमी तितका वेग जास्त: २१.५ टर्न साधारण १८०० केव्ही, १७.५ टर्न २२०० च्या आसपास, १३.५ टर्न ३००० च्या आसपास. कंपनीनुसार थोडा फरक पडतो. जुन्या टू-व्हील ड्राइव्ह बग्गीला २१.५, फार तर १७.५. हॉटशॉटसारख्या फोर-व्हील ड्राइव्हलाही १७.५ पेक्षा वेगवान (कमी टर्नची) मोटर नको. तिथे ताकद चार चाकांत वाटली जाते खरी, पण दोन-दोन डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि मधला शाफ्ट यांचं प्लास्टिक तितकंच जुनं असतं.

सेन्सर्ड घ्यायचं मुख्य कारण वेग नाही, सुरुवात आहे. सेन्सरलेस मोटरला अगदी कमी फेऱ्यांवर रोटर कुठे आहे ते कळत नाही, ती अडखळत, झटके देत सुटते. तापीच्या वाळूत चाक रुतलं की तुम्ही ट्रिगर दाबता, मोटर दोनदा अडखळते आणि तिसऱ्यांदा एकदम पकडते. तो झटका सरळ पिनियनवरून (मोटरच्या शाफ्टवरचा लहान गिअर) स्पर गिअरच्या (त्याला लागून फिरणारा मोठा गिअर) दातांवर जातो. जुना स्पर असाच जातो, वेगामुळे कमी आणि झटक्यामुळे जास्त.

---

गिरणा_पट्टा

समजलं ताई, दादा. मग २१.५ सेन्सर्ड बघतो. पण ब्रश मोटरच ठेवून फक्त ईएससी आणि लिपो केलं तर?

---

तापीकाठ

तेही उत्तम, आणि खर्चही कमी. हॉबीविंगच्या १०६० सारखी ६० अँपिअर ब्रश ईएससी यासाठी पुरून उरते. तिला दोन लहान जंपर असतात: एक बॅटरीचा प्रकार ठरवतो, दुसरा चालवण्याची पद्धत (पुढे-ब्रेक की पुढे-ब्रेक-रिव्हर्स). बॅटरीचा जंपर लिपोवर आहे का, हे पहिल्यांदा बघा. तो निकेलच्या जागी राहिला तर कट-ऑफ (बॅटरी उतरली की ईएससीने आपोआप थांबणं) फार खाली लागतो आणि लिपो एकाच फेरीत कायमची जाते. सेलमागे ३.२ ते ३.३ व्होल्टला थांबायलाच हवं. काही जुन्या ईएससींमध्ये लिपोचा कट-ऑफ नसतोच. तिथे बॅलन्स प्लगला लावायचा छोटा बझर घ्या आणि ३.५ वर लावून ठेवा.

दुसरी गोष्ट: नुसती लिपो टाकली तरी मूळ मोटर जास्त तापते. व्होल्टेज कागदावर जवळपास तेच दिसतं, पण जुना पॅक लोड आला की खाली बसायचा, लिपो बसत नाही. त्यामुळे मोटरला प्रत्यक्षात जास्त मिळतं. पिनियन वाढवायच्या आधी तापमान मोजा.

नवी ब्रश मोटर असेल तर गाडीत घालण्याआधी ३ व्होल्टवर (टॉर्चचे दोन मोठे सेल) विनाभार ५-१० मिनिटं फिरवा, म्हणजे ब्रश कम्युटेटरवर नीट बसतात. मोटरला तीन सिरॅमिक कपॅसिटर हवेत, ०.१ मायक्रोफॅरडचे, वर १०४ छापलेले: दोन टर्मिनलांच्या मध्ये एक, आणि प्रत्येक टर्मिनलवरून मोटरच्या डब्याला एकेक. डब्याला डाग देण्याआधी ती जागा कानशीने घासा, नाहीतर कथील धरत नाही. जुन्या मोटरवर शॉट्की डायोड लावलेला असेल तर तो काढा. रिव्हर्स असलेल्या ईएससीवर रिव्हर्स दाबताच तो शॉर्ट होतो.

मेकॅनिकल कंट्रोल तसाच ठेवायचा हट्ट असेल तर लिपो लावू नका. त्याला कट-ऑफ नाही. निकेल-मेटल हायड्राइडचा ३००० एमएएचचा पॅक लावा.

---

लेथ_आणि_लोखंड

आता गिअरबॉक्स. हा भाग सविस्तर लिहितो, कारण सगळं इथेच बिघडतं.

उघडताना प्रत्येक स्क्रू कुठला ते थर्माकोलच्या तुकड्यात टोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी गेला की प्लास्टिकचं भोक फुटतं. घालताना स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात 'टक' करून बसला की मग सरळ आवळा. नाहीतर दर वेळी नवे आटे पडतात आणि पाचव्या-सहाव्या वेळी भोक मोकळं होतं.

आतलं जुनं ग्रीस घट्ट मेणासारखं झालेलं असतं. ते काढायला पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, एबीएस चिरतं. भांडी घासायचं लिक्विड, कोमट पाणी, जुना टूथब्रश. पूर्ण वाळवा.

मग दात तपासा. नखाने एकेक दात दाबून बघा. चीर असेल तर ती मुळाशी असते, वर दिसत नाही. स्परचा दात टोकदार झाला असेल, बाजूने बघितल्यावर माशाच्या परासारखा दिसत असेल, तर तो बदलाच.

बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती साधी कडी) काढून बेअरिंग. मूळ गाडीत बऱ्याच ठिकाणी प्लास्टिक किंवा पितळी बुश असतात. त्यांच्यात माती गेली की ती शाफ्ट खाते आणि शाफ्ट डगमगला की गिअरची मेश (दातांची एकमेकांतली बैठक) बिघडते. सगळ्यात जास्त लागणारं बेअरिंग ११×५×४ मिमी, म्हणजे दुकानात ११५० म्हणतात ते. पण आंधळेपणाने संच मागवू नका, प्रत्येक बुश काढून व्हर्नियरने मोजा. आपल्याकडे रबर सील असलेलंच घ्या. पत्र्याच्या शील्डमधून काळ्या मातीची धूळ आत जाते.

पिनियन: टामियाच्या बऱ्याच किटमधलं पिनियन मऊ ॲल्युमिनियमचं असतं. धुळीत ते झिजतं, त्याची काळी पूड ग्रीसमध्ये मिसळते आणि तीच पुढे स्पर घासते. कडक स्टीलचं घ्या. माप जुळवताना (मॉड्यूल आणि पिच ही दातांच्या आकाराची मापं) चूक होते ती अशी: ०.८ मॉड्यूल आणि ३२ पिच एकमेकांत चालतात (३२ पिच म्हणजे ०.७९ मॉड्यूल). ०.६ मॉड्यूल आणि ४८ पिच चालत नाहीत, ४८ पिच ०.५३ होतो. हाताने फिरवताना दोन्ही ठीक वाटतात, लोडवर पाच मिनिटांत दात साफ.

ग्रासहॉपरवाल्यांसाठी: तिचा गिअरबॉक्स हॉर्नेटसारखाच, म्हणून ३८० काढून ५४० बसते. पण ३८० चा शाफ्ट २.३ मिमी आणि ५४० चा ३.१७. जुनं पिनियन भोक मोठं करून वापरू नका. लेथवर केलं तरी मध्य जराही सरकला की गिअर किंचाळतो. ५४० चं पिनियन नवंच घ्या.

मेश: जुन्या टामिया गिअरबॉक्समध्ये मोटरची छिद्रं बहुधा ठरावीक दातांच्या पिनियनसाठीच असतात. एक दात कमी-जास्त बसत नाही, जबरदस्तीने बसवू नका. जिथे मोटर सरकवता येते तिथे वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरांच्या मध्ये घालून मोटर आवळा, मग पट्टी फिरवून काढा. पट्टीवर दातांचे ठसे उठले पाहिजेत, ती फाटता कामा नये.

मोटरचे स्क्रू: ब्रशलेस मोटरमध्ये स्क्रू आत ४ मिमीपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. लांब स्क्रू वाइंडिंगला टेकतो आणि मोटर जळते. हवं तर वॉशर घाला.

थ्रेडलॉक फक्त धातूवर, तेही टाचणीच्या टोकाएवढं. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला त्याचा थेंब लागला की चिरा पडतात.

---

पांझरा_आरसी

दादा, बठ्ठं बरोबर शे. पण आपला फुफाटानं काय करानं? बंद गिअरबॉक्सबी शे तरी आत माटी जास.

---

लेथ_आणि_लोखंड

भो, ती मोटरच्या बाजूने जाते. मोटर आणि गिअरबॉक्सच्या मधली फट, आणि शाफ्ट बाहेर येतो ती जागा. मोटरच्या तोंडाशी पातळ फोमची चकती कापून घाला, मध्ये पिनियन जाईल एवढं भोक. दोन अर्ध्या कवचांच्या जोडावर सिलिकॉन ग्रीसची बारीक रेघ ओढा. आत ग्रीस कमी लावा: दात ओले दिसतील इतकंच. जास्तीचं ग्रीस बाहेर येतं, माती धरतं आणि पॉलिश पेपरसारखं काम करतं. उघडे गिअर असतील तर तिथे ग्रीस अजिबात नको.

ईएससीच्या पंख्यावर जुन्या पातळ मोज्याचं कापड ताणून बांधा आणि प्रत्येक वेळी झटका. सेन्सर वायरचा प्लग मोटरला जिथे जातो तिथे इन्सुलेशन टेपचा एक वेढा. तिथे धूळ गेली की मोटर अडखळते आणि लोक मोटर बदलतात.

माती कुठली यावरही ठरतं. कापूस निघालेल्या वावरातली काळी माती वाळलेली असेल तर धूळ पिठासारखी, सगळ्यात वाईट. ओली असेल तर चाकाला गोळे धरते आणि मोटरवर दुप्पट लोड येतो, तेव्हा गाडी काढूच नका. सातपुड्याच्या पायथ्याचा मुरूम टायर खातो पण गिअरला बरा. नदीची वाळू गिअरबॉक्समध्ये एक खडा गेला तरी दात घेऊन जाते, म्हणून वाळूत चालवल्यावर मोटर काढून आत फुंकर मारल्याशिवाय पुढची फेरी नाही.

---

भुसावळ_यार्ड

फ्रॉगबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिचं जुनं दुखणं मागच्या हाफ-शाफ्टमध्ये आहे. शाफ्टचं टोक षटकोनी असतं आणि ते षटकोनी खाचेत फिरतं. झिजलं की कोपरे गोल होतात आणि लोडवर 'कट कट' आवाज करत घसरतं. नवी मोटर लावण्याआधी गाडी उचला, एक चाक धरा, दुसरं हलवा. चाक फिरल्यावर शाफ्ट लगेच ओढला जात नसेल, मोकळा फिरत असेल, तर शाफ्ट आणि खाच दोन्ही बदला. एकच बदललं तर जुनं नव्याला खातं.

शिवाय डिफरन्शियलचे बेव्हल गिअर. डिफमध्ये मोकळीक असेल तर ०.१ किंवा ०.२ मिमीची शिम (पातळ चकती) घालून ती कमी करा, पण चाक हाताने सहज फिरलं पाहिजे. घट्ट डिफ लवकर तापतो आणि मोटरला करंट जास्त लागतो.

---

सातपुडा_ताई

हॉर्नेट-ग्रासहॉपरचं वायरिंग करताना एक ध्यानात ठेवा: मोटर गिअरबॉक्सला जोडलेली आहे आणि मागचा सगळा गिअरबॉक्स सस्पेंशनबरोबर वर-खाली झुलतो. वायर ताणून, टायने चेसिसला घट्ट बांधली तर प्रत्येक उडीला डागावर ओढ बसते. १४ गेजची सिलिकॉन वायर घ्या आणि मोटरजवळ एक मोकळा वळसा सोडा. सेन्सर वायर आणखी नाजूक, तिला वेगळा वळसा. मागचं सस्पेंशन पूर्ण दाबून आणि पूर्ण सोडून दोन्ही वेळा बघा, वायर टायरला लागता कामा नये.

पांढरा टामिया प्लग मूळ मोटरला चालतो, पण १०-१५ अँपिअरच्या वर तो तापतो, पिना सैल होतात आणि प्लास्टिक वितळतं. प्लगजवळची वायर कडक झाली असेल किंवा पांढरा प्लग पिवळा पडला असेल तर तेच झालंय. टी-प्लग किंवा एक्सटी६० लावा. बॅटरीच्या वायरी कापताना एका वेळी एकच कापा, दोन्ही एकदम कात्रीत आल्या की थेट शॉर्ट. डाग देताना नर-मादी प्लग जोडून ठेवा, म्हणजे उष्णतेने पिना वाकड्या होत नाहीत.

ब्रशलेसची दिशा उलटी आली तर: सेन्सरलेसमध्ये तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. सेन्सर्डमध्ये कधीच नाही. तिथे ए, बी, सी जसेच्या तसे हवेत, दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदलायची. आणि मोटर बरोबर फिरते पण ट्रिगर उलटा चालतो, असं असेल तर रेडिओवर दुसरा चॅनल रिव्हर्स करा.

---

गिरणा_पट्टा

मूळ २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ चालू आहे. तो ठेवू का? आणि जुने सर्व्हो?

---

तापीकाठ

रेडिओ शोकेसमध्ये ठेवा, गाडीत २.४ गिगाहर्ट्झचा लावा. हा पट्टा आपल्याकडे लायसन्सशिवाय वापरता येतो, लांब अँटेना लागत नाही. शिवाय फेल-सेफ मिळतो: सिग्नल तुटला की थ्रॉटल न्यूट्रलवर किंवा ब्रेकवर. तो स्वतः सेट करावा लागतो. सेट करून, चाकं वर उचलून, ट्रान्समीटर बंद करून तपासा. ब्रशलेस गाडी फुल थ्रॉटलवर अडकली तर लोकांच्या पायात जाते.

जुने सर्व्हो लावण्याआधी प्लग बघा. लाल वायर मधोमध असेल तर ठीक. काही जुन्या सर्व्होंमध्ये ती मध्ये नसते. ते तसेच नव्या रिसीव्हरला लावले की सर्व्हो जातो. माझं मत, नवा मेटल गिअर सर्व्हो घ्या, ६ ते ९ किलो-सेमीचा पुरे. साइज तीच, ४० × २० मिमी. फक्त सर्व्हो सेव्हरचे (सर्व्होवर बसणारा, धक्का झेलणारा हात) दात जुळले पाहिजेत: फुटाबा २५, सान्वा २३, हायटेक २४. बहुतेक नवे सर्व्हो २५ दातांचे असतात.

थ्रॉटलचा सर्व्हो आता लागत नाही. त्याची जागा रिकामी होते, तिथे रिसीव्हर फुग्यात घालून ठेवा.

---

केळीपट्टा

बॅटरीच्या खणाबद्दल. जुन्या टबचा खण गोल कडांच्या स्टिक पॅकसाठी असतो. आजची हार्डकेस लिपो चौकोनी कडांची, साधारण १३८×४७×२५ मिमी. ती बसत नाही म्हणून लोक टबच्या बरगड्या तासतात. कृपया तासू नका, टब तिथूनच चिरतो. गोल कडांची स्टिक लिपो मिळते, ती घ्या. नाहीतर ९६ मिमी लांबीची शॉर्टी घ्या आणि उरलेल्या जागेत फोम ठोका. लिपो जुन्या पॅकपेक्षा हलकी असते, म्हणून फोमच्या जागा बदलून वजन पुढे-मागे करता येतं. गाडी थ्रॉटलला पुढून उचलत असेल तर पॅक पुढे सरकवा.

तीन सेलची बॅटरी या गाड्यांत घालू नका. दोनच.

---

सातपुडा_ताई

उन्हाळ्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो. लिपो चार्ज करायची वरची मर्यादाच ४५ अंश आहे. म्हणजे पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंग करणं मर्यादेच्या बाहेर आहे, बॅटरी नुसती ठेवलेली असली तरी. पहाटे किंवा रात्री चार्ज करा. १सी दराने, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर, आणि नेहमी बॅलन्स मोडवर. चार्ज होताना पॅक वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत, आसपास कापड-कागद नको, आणि समोर माणूस हवा. गाडीवरून आल्यावर पॅक हाताला गरम लागत असेल तर आधी थंड होऊ द्या.

वीज गेली तर बी६ प्रकारचा चार्जर ११ ते १८ व्होल्ट डीसीवर चालतो, म्हणजे इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून थेट. प्लस-मायनस दोनदा तपासून.

पुढचे काही आठवडे चालवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. फुल चार्ज करून उन्हाळाभर माळ्यावर ठेवलेली लिपो फुगतेच. बंद कारमध्ये तर अजिबात नको.

मोटरचं तापमान: इन्फ्रारेड गनने, ३-४ मिनिटं चालवून लगेच. ब्रशलेसला ८० अंशांच्या आत, ब्रशला ७० च्या आत. त्यावर गेलं तर चुंबक कमजोर व्हायला लागतात आणि ते परत येत नाही. जानेवारीत जो पिनियन ६२ अंश देतो तोच मे महिन्यात ७८ देईल, कारण हवाच तितकी तापलेली असते. उन्हाळ्यात एक-दोन दात कमी करा. मेश ठरावीक असेल तर फेरी आखूड करा.

---

पांझरा_आरसी

ताई, हे सेव्ह करून ठेवलं. ईएससीची सेटिंग पण कोणी टाका. ब्रेक लावला की मागून 'कर्र' वाजतं.

---

भुसावळ_यार्ड

ब्रेकच त्याचं कारण. जुन्या गाडीला मेकॅनिकल कंट्रोलचा मऊ ब्रेक माहीत होता. नवी ईएससी चाकं जागेवर थांबवते आणि डिफच्या दातांवर उलटा झटका बसतो. सेटिंग:

ड्रॅग ब्रेक (ट्रिगर सोडल्यावर आपोआप लागणारा) ०. कमाल ब्रेक ५० टक्के किंवा कमी. पंच (सुटतानाचा जोर) सगळ्यात खालच्या पायरीवर. टायमिंग ०, बूस्ट असेल तर बंद. रिव्हर्स २५ टक्के, आणि थांबल्याशिवाय रिव्हर्स लागणार नाही असा मोड. बॅटरी लिपो, कट-ऑफ मधला.

ज्या ईएससीला नुसते जंपर आहेत तिथे हे बदलता येत नाही. तेव्हा रेडिओतून करा: थ्रॉटलच्या ब्रेक बाजूचा एंड पॉइंट (कमाल मर्यादा) कमी करा.

पांझरा भाऊ, सेटिंग बदलूनही 'कर्र' राहिलं तर डिफ उघडा. बहुधा बेव्हलचे दात गेलेत.

---

केळीपट्टा

जुन्या प्लास्टिकबद्दल दोन ओळी. आर्म, नकल (चाक धरणारा सांधा) असे नायलॉनचे पार्ट कोरडे पडून कडक होतात, कारण नायलॉनमधला ओलावा निघून जातो. ते उकळत्या पाण्यात २०-३० मिनिटं ठेवा, मग त्याच पाण्यात थंड होऊ द्या. लवचिक होतात. एबीएसचे पार्ट (टब, गिअरबॉक्सचं कवच) उकळू नका, वाकडे होतात. टबला चीर असेल तर चिरेच्या दोन्ही टोकांना दीड मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे जात नाही, आणि आतून एबीएसची पट्टी सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवा. फेव्हिक्विक तिथे टिकत नाही, उडीला तुटतं.

---

गिरणा_पट्टा

सगळं वाचलं. बेअरिंग बदलली, स्टील पिनियन, २१.५ सेन्सर्ड, ६० अँपिअर ईएससी, शॉर्टी ४००० एमएएच. टेबलावर सगळं ठीक फिरतं. जमिनीवर काही मिनिटं चालली की थांबते, ईएससीचा दिवा लुकलुकतो, थोड्या वेळाने पुन्हा चालते. बॅटरीत सेलमागे ३.८ व्होल्ट दिसतात.

---

लेथ_आणि_लोखंड

३.८ असताना कट-ऑफ लागतोय किंवा तापून बंद पडतेय, दोनपैकी एक. थांबल्याबरोबर ईएससीला बोट लावा. गरम नसेल तर लोडवर व्होल्टेज पडतंय: प्लगचा डाग बघा, वरून चकचकीत आणि आतून न धरलेला असा थंड डाग असेल. बॅटरी प्लग धरून चालवल्यावर तो तापतो का बघा.

गरम असेल तर मागची चाकं उचलून हाताने फिरवा. मोटर काढून गिअरबॉक्स एकटा फिरवून बघा. बेअरिंग नवीन आहेत, म्हणून एखादं पूर्ण बसलेलं नसेल आणि कवच आवळल्यावर शाफ्ट दाबला जात असेल. कवचाचे स्क्रू पाव फेरा सैल करा. फिरणं मोकळं झालं तर तेच. बेअरिंगची बैठक ब्लेडने साफ करून पुन्हा बसवा.

---

गिरणा_पट्टा

स्क्रू सैल केल्यावर मोकळं झालं. उजव्या बाजूचं बेअरिंग अर्धा मिमी बाहेर होतं, खाली जुन्या बुशचं बारीक कुसळ राहिलेलं. आता पूर्ण पॅक चालते, मोटर ५८ अंश.

---

लेथ_आणि_लोखंड

उत्तम. आता एक पॅक संपल्यावर गिअरबॉक्स पुन्हा उघडा, ग्रीस काळं झालंय का बघा. करडं असेल तर ठीक. काळं आणि चमकणारे कण असतील तर पिनियन आणि स्पर अजून एकमेकांत बसतायत, ग्रीस पुसून नवं लावा आणि आणखी एका पॅकनंतर परत बघा.